पोलिसांनी रस्त्यात ओळखपत्र मागितलं तर दाखवावंच लागतं का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. वकील, पोलीस, जाणकार, सगळ्यांनाच विचारतोय.

माझी शिफ्ट मध्यरात्रीनंतर सुटते. हिंजवडीहून कात्रजकडे येताना अधूनमधून नाकाबंदी लागतेच. बॅरिकेड, तोंडावर टॉर्च, "कुठून आलास, कुठे चाललास". मी लायसन्स दाखवतो आणि निघतो, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. परवा मात्र मागे बसलेल्या रूममेटकडे आधार मागितलं. तो लातूरचा, पाकीट खोलीवरच राहिलेलं. "मग तू कोण हे आम्ही कशावरून समजायचं?" म्हणून बराच वेळ बाजूला उभा केला. शेवटी गावाकडून भावाने व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवला तेव्हा सोडलं. शिवीगाळ नाही, पैसे नाहीत, पण तो बिचारा घामाघूम.

मला हे कळून घ्यायचंय: चालवणाऱ्याचं ठीक, मागे बसलेल्याने ओळखपत्र दाखवलंच पाहिजे असं कुठे आहे? आणि नुसतं पायी चालत असलो तर? आधार खिशात ठेवणं सक्तीचं आहे का?

कटिंगवाला

दाखवून टाकायचं आणि घरी जाऊन झोपायचं. रात्री दीड वाजता घटना कुठे शिकवता त्यांना.

काळाकोट

प्रश्न चांगला आहे. कटिंगवाला यांचा सल्ला व्यवहारी आहे, पण विचारलंय ते कायद्याचं, म्हणून तेवढंच लिहितो.

सगळ्यात आधी: भारतीय नागरिकाने घराबाहेर पडताना ओळखपत्र जवळ बाळगलंच पाहिजे असा कोणताही कायदा आपल्याकडे नाही. आधारच्या कायद्यात नाही, मतदार कार्डाच्या नाही, कुठेच नाही. पोलिसांना नाव सांगायला लावण्याचा अधिकार मिळतो तो कशाच्या तरी आधाराने: गाडी, गुन्हा, तपास किंवा संशय. तो दुवा सापडला की उत्तर सापडतं.

गाडीचं घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०. सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याने गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवायचं. 'चालवणाऱ्याने' आणि 'गणवेशातल्या', दोन्ही शब्द महत्त्वाचे. आरसी, विमा, पीयूसी हे केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये येतं, आणि २०१८ च्या दुरुस्तीपासून ते मोबाइलवर दाखवलं तरी चालतं.

मागे बसलेला माणूस १३० मध्ये नाही. त्याच्याकडे लायसन्स असायचं कारण नाही आणि आधारचा तर संबंधच नाही.

आता रात्रपाळी, एक विचारतो. रूममेटच्या डोक्यावर हेल्मेट होतं का?

रात्रपाळी

नव्हतं. 😬 एकच हेल्मेट आहे आमच्यात.

काळाकोट

वाटलंच. हेल्मेट चालवणाऱ्यालाही लागतं आणि मागच्यालाही, कलम १२९. म्हणजे तुमच्या मित्राने मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केलेला होता, दंड १००० रुपये. आणि याच कायद्याचं कलम २०२(२) सांगतं की या कायद्याखाली गुन्हा केलेल्या माणसाने नाव-पत्ता सांगायला नकार दिला तर गणवेशातला पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो.

तेव्हा नाव आणि पत्ता सांगायला तो बांधील होता. कार्ड दाखवायला नव्हता. सगळा घोळ इथेच होतो. कायदा जिथे जिथे ओळख मागतो तिथे बहुतेक ठिकाणी 'नाव आणि राहण्याचं ठिकाण' एवढंच मागतो. हवालदार मागतो आधार, कारण नाव पडताळायला त्याच्या हातात तेवढंच सोपं साधन असतं.

कटिंगवाला

म्हणजे तोंडाने "लातूरचा अमुक तमुक" म्हटलं की झालं? मग प्रत्येक चोर खोटं नाव सांगून मोकळा होईल.

काळाकोट

मोकळा होत नाही. त्याचं उत्तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ मध्ये आहे (१ जुलै २०२४ पासून लागू; त्याआधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ४२ होतं, मजकूर जवळपास तोच). पायी चालणाऱ्याच्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पोलिसासमोर एखादा अदखलपात्र गुन्हा केला, किंवा पोलिसासमोर कुणी तुमच्यावर तसा आरोप केला. अदखलपात्र म्हणजे ज्यात एरवी वॉरंटशिवाय अटक नाही; ठाण्यात जाऊन 'एनसी' नोंदवतो ना आपण, ते. अशा वेळी पोलिसाने नाव आणि पत्ता विचारला आणि तुम्ही सांगितला नाही, किंवा सांगितला तो खोटा आहे असं मानायला त्याच्यापाशी कारण आहे, तर तो तुम्हाला अटक करू शकतो. पण कशासाठी? नाव-पत्ता शोधून काढण्यासाठी. शिक्षा म्हणून नाही, धडा शिकवायला नाही. खरं नाव कळलं की बंधपत्र लिहून घेऊन सोडायचं. २४ तासांत नाव-पत्ता कळला नाही किंवा बंधपत्र दिलं नाही, तर सर्वांत जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं.

आता उलट बाजूने वाचा. तुम्ही काहीच केलेलं नाही, कुणाचा आरोप नाही, फुटपाथवरून चालला आहात. मग कलम ३९ लागूच होत नाही. पोलीस विचारू शकतो, विचारण्यावर बंदी कुणालाच नाही. पण तुम्ही नाव सांगितलं नाहीत एवढ्याच कारणाने अटक करायला हे कलम त्याच्या कामाचं नाही.

दखलपात्र गुन्ह्याचा वाजवी संशय असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कलम ३५ आहे, वॉरंटशिवाय अटकेचे अधिकार त्यात येतात, आणि तिथे नावापेक्षा संशय कशावरून आला हा प्रश्न मोठा असतो.

जुनाबिल्ला

वकीलसाहेबांनी कलमं बरोबर लिहिली आहेत. मी खात्यातून निवृत्त झालो, पीएसआय म्हणून. दुसऱ्या बाजूने थोडं.

नाकाबंदीवर उभ्या असलेल्या पोराला बारा तास ड्युटी झालेली असते. वरून निरोप असतो की इतक्या गाड्या तपासा, इतक्या लोकांची नोंद दाखवा. 'ऑल आउट' नाहीतर कॉम्बिंग, म्हणजे रात्रीची मोठी तपासणी मोहीम, असलं की सकाळी आकडा द्यावाच लागतो: इतके तपासले, इतके रेकॉर्डवरचे मिळाले, इतके तडीपार मिळाले. तडीपार माणूस हद्दीत सापडणं हा गुन्हाच आहे, आणि तो स्वतःचं नाव खरं सांगतो का? म्हणून कार्ड मागतात. कार्ड नसलं म्हणून कुणाला आत टाकलंय असं चांगल्या ठाण्यात होत नाही. घरी फोन लावून द्यायला सांगतात, बोलणं होतं, जा म्हणतात.

वकीलसाहेब एक विसरले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या हेतूने तोंड झाकून किंवा घातक हत्यार घेऊन सापडलेला, घरफोडीची अवजारं जवळ असलेला, दुसऱ्याच्या इमारतीत का आहे याचा समाधानकारक खुलासा न देऊ शकलेला, असे सगळे त्यात येतात. रात्रीची विचारपूस आम्ही बरीचशी त्यावर करायचो. आणि कलम ६८ वाचा: पोलिसाने कर्तव्य बजावताना दिलेल्या वाजवी सूचना पाळायला प्रत्येक जण बांधील आहे. न पाळल्यास ६९ खाली बाजूला करता येतं. आता तर केंद्राने तेच नव्या संहितेत १७२ म्हणून घातलंय. सूचना मोडली तर ताब्यात घ्या, दंडाधिकाऱ्याकडे न्या, किरकोळ असेल तर २४ तासांच्या आत सोडा.

मग "नाव सांगा" ही सूचना नाही का?

काळाकोट

विसरलो नव्हतो, बिल्लासाहेब, तुम्ही काढाल याची खात्री होती.

१७२ बद्दल माझं स्पष्ट मत आहे की ते पोलिसांना वाटतं तेवढं रुंद नाही. ते ज्या प्रकरणात आहे ते प्रकरण प्रतिबंधक कारवाईचं आहे: दखलपात्र गुन्हा रोखणं, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान रोखणं. सूचना 'या प्रकरणाखालचं कर्तव्य बजावताना' दिलेली हवी आणि कायदेशीर हवी. जमाव पांगवताना "इथून हला", पूर आलेल्या पुलाशी "पुढे जाऊ नका", या त्या सूचना. कसलाच गुन्हा घडण्याची चिन्हं नसताना एकट्या माणसाला "आधार दाखव" म्हणणं यात बसवायचं असेल, तर कोणता दखलपात्र गुन्हा रोखत होतात हे पोलिसाला डायरीत लिहावं लागेल. आणि कोर्टात पहिला प्रश्न मी तोच विचारेन.

१२२ चंही तसंच. त्यात प्रत्येक पोटकलमाला काहीतरी जोडलेलं आहे: हेतू, हत्यार, अवजार, ठिकाण. रात्री रस्त्यावर असणं हा गुन्हा तिथे कुठेही लिहिलेला नाही. रात्रपाळीवाल्यांचा देश आहे हा.

जुनाबिल्ला

डायरीत लिहायला काय लागतं हो. 🙂

काळाकोट

तेच तर दुखणं आहे.

टेकडीवरची

मी जरा वेगळं विचारते. टेकडीवर, तलावाकाठी, कुठेही मित्राबरोबर बसलं की बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, येतात. "नाव काय, कॉलेज कुठलं, घरचा नंबर दे." ओळखपत्रापेक्षा घरच्या नंबराचीच धमकी असते. आम्ही दोघंही पंचविशीच्या पुढचे. यात कुठलं कलम?

काळाकोट

आईवडिलांचा नंबर मागण्याचं कलम कुठल्याच कायद्यात नाही. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही.

ते वापरतात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११०, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. दंड १२०० रुपयांपर्यंत. शेजारी बसणं, गप्पा मारणं म्हणजे असभ्य वर्तन नाही. पण 'असभ्य' काय हे त्या क्षणी समोरचा शिपाई ठरवतो, आणि १२०० रुपये भरून सुटका होत असेल तर कोर्टात जायला कुणी तयार होत नाही. म्हणून हे कलम वर्षानुवर्षं असंच चालू आहे.

ऑगस्ट २०१५ चं मढ-अक्साचं प्रकरण आठवत असेल. मुंबईत हॉटेलच्या बंद खोल्यांतून जोडपी बाहेर काढली, ठाण्यात नेली, ११० खाली दंड केला, काहींच्या घरी फोन केले. खोलीचं दार लावल्यावर ती सार्वजनिक जागा कशी, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. इतकी टीका झाली की आयुक्तांना चौकशी लावावी लागली. सज्ञान अविवाहित जोडप्याने लॉजमध्ये राहू नये असा कायदा नाही. काउंटरवर ओळखपत्र द्यावं लागतं, पण ते लॉजवाल्याने पाहुण्यांची नोंद ठेवायची असते म्हणून. त्या नोंदीवरून दोघांचं नातं काय हे तपासायला कुणी येऊ शकत नाही.

तुमच्यासाठी आणखी एक. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊनच. "चल ठाण्यात" असं संध्याकाळी सातनंतर कुणी म्हणालं तर "अटक करताय का?" एवढं शांतपणे विचारायचं. नव्वद टक्के वेळा उत्तर "नाही, चौकशीला" असं येतं. चौकशीसाठी साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी आदेश लागतो, आणि स्त्रीला तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंधराच्या आतली मुलंही त्याच कलमात आहेत.

टेकडीवरची

हे १७९ माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

सदाशिवपेठी_काकू

तुम्ही सगळे पोलिसांनी आपली ओळख विचारायची की नाही यावर बोलताय. आमच्या वयाच्या बायकांचा प्रश्न उलटा आहे. आमच्या गल्लीत सकाळी देवळात निघालेल्या बाईंना दोघांनी गाठलं. "आजी, आम्ही पोलीस, पुढे चोरी झालीय, पाटल्या काढून पिशवीत ठेवा." कसलंसं लाल कार्ड झटकन दाखवलं आणि खिशात घातलं. पिशवी परत दिली तेव्हा आत खडे. साध्या कपड्यातल्या माणसाने पोलीस म्हणून सांगितलं तर त्याला ओळखपत्र विचारायचा आपल्याला हक्क आहे की नाही?

जुनाबिल्ला

आहे काकू, आणि विचारलंच पाहिजे. खरा पोलीस रागावणार नाही. रागावला तर जास्तच विचारा. कार्ड हातात घेऊन वाचायचं: नाव, हुद्दा, फोटो, ठाणं. शंका आली तर ११२ ला फोन, तिथेच, त्याच्यासमोर. तोतया असेल तर फोन लागायच्या आत पसार होतो. आणि कुठलाही पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. तीस वर्षांत मी एकदाही सांगितलेलं नाही, आणि तोतये मात्र दर वर्षी हीच गोष्ट सांगून लुटतात.

काळाकोट

पूरक: अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट वाचता येईल असं असलंच पाहिजे, त्याच संहितेचं कलम ३६. हे मूळ १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलं. पश्चिम बंगालमधल्या कोठडीतल्या मृत्यूंवरचं प्रकरण होतं ते. सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी जी सूत्रं घालून दिली त्यात नावाची पट्टी ही पहिली. रेनकोटखाली, जॅकेटखाली नाव झाकलेलं असतं तेव्हा विचारायला संकोच करू नये.

गुगलेश्वर

माझ्या मते हा सगळा काथ्याकूट फुकट आहे. ज्याला लपवायचं काही नाही त्याला आधार दाखवायला काय जातं? बाहेरच्या देशातून घुसलेले लोक पकडायचे कसे मग?

बोईसरकर

गुगलेश्वर, आधार दाखवूनही भागत नाही ही खरी गंमत आहे.

आमच्या साइटवर मालदा-मुर्शिदाबादचे गवंडी असतात. सगळ्यांकडे आधार, पॅन, मतदार कार्ड. २०२५ च्या जूनमध्ये मीरा रोड परिसरातून पश्चिम बंगालचे काही मजूर उचलले, बांगलादेशी म्हणून सीमेपलीकडे ढकलले, आणि मग बंगाल सरकारने कागद दाखवल्यावर परत आणावे लागले. पेपरात आलेलं सगळ्यांनी वाचलंय. तेव्हापासून आमची माणसं आधार तर ठेवतातच, वर शाळेचा दाखला, आजोबांच्या जमिनीचा कागद, काय काय प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी घेऊन फिरतात. एकाच्या पिशवीत १९६० च्या दशकातली सारा भरल्याची पावती होती, घडीवर फाटलेली, सेलोटेप लावून जोडलेली. स्लॅबवर चढताना पिशवी सुपरवायझरकडे देतो आणि उतरल्यावर आधी ती मागतो, पाणी नंतर.

काळाकोट

बोईसरकर म्हणतात ते कायद्यानेही खरं आहे. आधार कायद्याचं कलम ९ च सांगतं की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना तेच म्हटलं: आधार, पॅन, मतदार कार्ड आहे एवढ्याने माणूस भारताचा नागरिक ठरत नाही.

परदेशी नागरिकांसाठी नियम वेगळे आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला, १९४६ चा जुना कायदा गेला. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच माणसावर, हे जुन्यातही होतं आणि नव्यातही आहे. म्हणूनच "कुणाला विचारायचं" हे ठरवताना पोलिसाकडे काहीतरी ठोस असायला हवं. बोली आणि चेहरा पाहून विचारायला लागलो तर कलम ३९ ची सगळी काळजी वाहून जाते, कारण गुन्ह्याचा पत्ताच नसतो आणि पुरावा मात्र दुसऱ्याने द्यायचा.

शाळामास्तर_सोलापूर

चेहरा आणि आडनाव पाहून विचारणं हे आमच्याकडे नवीन नाही.

मी पारधी वस्तीजवळच्या शाळेत शिकवतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. त्यात जमातीत जन्मलेला माणूस जन्मतःच नोंदीत. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती; त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. गुन्हा केला म्हणून नव्हे, अमक्या घरात जन्मलास म्हणून ओळख पटव. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती त्या यादीतून मुक्त झाल्या. विमुक्त हे नाव तिथून आलं.

पण गावात चोरी झाली की पहिली गाडी अजून वस्तीवरच येते. आणि काळाकोट साहेब, तुम्ही म्हणता १२२ मध्ये प्रत्येक गोष्टीला काहीतरी जोडलेलं आहे. त्यात एक पोटकलम असंही आहे ना, 'चोर म्हणून ख्याती असलेला' माणूस रात्री रस्त्यात रेंगाळताना सापडला आणि समाधानकारक खुलासा देऊ शकला नाही? ही ख्याती कोण ठरवतो? माझ्या एका विद्यार्थ्याचा बाप एसटी चुकली म्हणून स्टँडवर झोपला होता. नाव विचारलं, त्याने खरं सांगितलं. खरं आडनाव सांगितलं म्हणूनच रात्रभर बसवून ठेवला. खोटं सांगितलं असतं तर कदाचित सुटला असता.

जुनाबिल्ला

मास्तर, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे जुने रजिस्टर असतात, त्यात नावं चढतात आणि उतरत नाहीत. चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून घ्यायची कारवाई, त्यावरूनच होते.

काळाकोट

मास्तर, ते पोटकलम आहे, आणि तुम्ही त्याचं दाखवलेलं टोक मला आधीच लिहायला हवं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाच्या खटल्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना स्पष्ट निर्देश दिले. निकालाची प्रत वस्तीवरच्या कार्यकर्त्यांकडे असू द्या. ठाणे अंमलदारासमोर ठेवायला तो कागद आधारपेक्षा उपयोगी पडेल.

फ्रीमॉन्टची_वहिनी

इकडचं लिहू का? अमेरिकेत हे राज्यावर आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९६८ च्या टेरी निकालापासून वाजवी संशय असेल तर पोलीस थोडा वेळ थांबवू शकतात. थांबवल्यावर नाव सांगायची सक्ती करणारे कायदे काही राज्यांत आहेत. नेवाडातल्या हायबेल नावाच्या माणसाने नाव सांगायला नकार दिला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००४ मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला: राज्याचा कायदा असेल तर नाव सांगावं लागेल. नाव, कार्ड नाही. काळाकोट म्हणतात तेच. आमच्या कॅलिफोर्नियात पायी चालणाऱ्याला नाव सांगायला लावणारा असा कायदा नाही. गाडी चालवत असाल तर अर्थात लायसन्स.

पण आपल्या एच-वन-बी आणि ग्रीन कार्डवाल्या मंडळींनी हे वाचून छाती काढून फिरू नये. १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (देशात आल्याची नोंद), कायम जवळ ठेवायचा असा फेडरल कायदा जुनाच आहे. कुणी फार विचारत नव्हतं, २०२५ पासून तो कडकपणे राबवायचं ठरलंय. माझ्या सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आल्यात, संध्याकाळी फिरायला निघतात तेव्हा त्यांच्या कमरेच्या पिशवीत आय-९४ ची प्रिंट असते. शेजारी तुळशीच्या मंजिऱ्या.

लीड्सकर

ब्रिटनमध्ये युद्धकाळात ओळखपत्र सक्तीचं होतं. युद्ध संपलं तरी पोलीस मागत राहिले. डिसेंबर १९५० मध्ये एका गाडीवाल्याने दाखवायला नकार दिला. तो दोषी ठरला, पण १९५१ मध्ये अपिलात न्यायाधीशांनीच पोलिसांना सुनावलं की युद्धासाठी केलेला कायदा रोजच्या कामाला वापरू नका. १९५२ मध्ये कार्डंच रद्द झाली. अजूनही इथे पोलिसाला नाव सांगायची सरसकट सक्ती नाही. असामाजिक वर्तनाचा संशय असेल तर मात्र २००२ च्या कायद्याने नाव-पत्ता सांगावा लागतो.

कटिंगवाला

मी माझं पहिलं म्हणणं सोडत नाही, पण धागा भारी चाललाय. आता मला सांगा, नाकाबंदीत मोबाइलवर तोंडाचा फोटो काढतात, अंगठा घेतात मशीनवर, ते चालतं का?

काळाकोट

बोटांचे ठसे, फोटो, डोळ्यांची बुबुळं वगैरे 'मोजमापं' घेण्याचा कायदा २०२२ चा आहे, क्रिमिनल प्रोसिजर (आयडेंटिफिकेशन) ॲक्ट. १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा काढून तो आणला. पण तो कुणाला लागू? दोषी ठरलेल्यांना, अटक झालेल्यांना, चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायला सांगितलेल्यांना. तिथे नकार देता येत नाही आणि माहिती ७५ वर्षं राहते. रस्त्यात थांबवलेला माणूस यातल्या कशातच बसत नाही. त्याचा ठसा हवा असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागेल. हैदराबादेत २०२१ मध्ये लॉकडाउनच्या काळात एका माणसाला मास्क काढायला लावून फोटो काढला, तो माणूस पुढे उच्च न्यायालयात गेला.

गुगलेश्वर

आणि आपण त्यांचा व्हिडिओ काढला तर? लगेच ३५३ लावतात, सरकारी कामात अडथळ्याचं.

काळाकोट

जुन्या दंड संहितेचं ३५३ आता भारतीय न्याय संहितेत १३२ झालं, आणि त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. लांब उभं राहून व्हिडिओ काढणं हा हल्ला नाही. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने तर पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढल्याचा शासकीय गुपिते कायद्याखालचा गुन्हा रद्द केला, ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही म्हणून. पण मोबाइल त्यांच्या नाकाला लावू नका. त्यांचा हात तुमच्या मोबाइलला लागला की धक्काबुक्की कुणी सुरू केली यावरच सगळं अडतं.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. मग परवासारखं झालं तर त्याने नेमकं काय म्हणायचं? म्हणजे तोंडात काय वाक्य ठेवायचं?

जुनाबिल्ला

"साहेब, नाव अमुक, राहतो तमुक ठिकाणी, कार्ड आणलेलं नाही, घरी फोन लावून देऊ का?" एका दमात. बहुतेक वेळा इथेच संपतं. कलम नंबर सांगायला गेलात की समोरचा पेटतो.

काळाकोट

मी यात एकच भर घालेन. तरीही सोडलं नाही तर "साहेब, मला ताब्यात घेतलंय का, की मी जाऊ शकतो?" हे विचारायचं, आणि उत्तर काय आलं, किती वाजता आलं, समोरच्याची नावाची पट्टी काय होती, ते घरी गेल्यावर लिहून ठेवायचं. खोटं नाव मात्र कधीही, कुणालाही सांगू नका. गप्प राहिल्याने जे बिघडत नाही ते खोट्या नावाने बिघडतं.

जुनाबिल्ला

सहमत. आणि रात्रपाळी, दुसरं हेल्मेट घ्या.

रात्रपाळी

घेतलं कालच, काका. अजून एक बारीक शंका: माझं लायसन्स डिजिलॉकरमध्ये आहे, पण नाकाबंदीच्या त्या वळणावर रेंजच नसते. स्क्रीनशॉट दाखवला तर चालेल?

काळाकोट

स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका, पडताळता येत नाही म्हणून ते मान्य करत नाहीत. निघायच्या आधी ऑफिसात ॲप उघडून ठेवा, नाहीतर सरळ प्लास्टिकचं लायसन्स पाकिटात. नियम १३९ मध्ये कागद जवळ नसतील तर नंतर १५ दिवसांत पाठवायची सोय आहे, पण रात्री दोनला ती सांगत बसण्यापेक्षा कार्ड बरं.